लेकीच्या जागी शिंपल्या

समुद्राच्या मधी एक गाव हाय, तिथं मी सव्वीस दिवस राह्यले. आमच्या शिवारातून तिकडं जी माणसं गेली ती पोटासाठी गेली, पाह्याला कोण्ही गेलं न्हाई. मी बी पाह्याला गेल्ते न्हाई. लेकीला पहिल्या बाळंतपणाला घरी आणाया गेल्ते. पण डोळे उघडे असले की दिसतंच. बाया इचारत्यात, समुद्र कसा अस्तो, शिंपल्या कशा अस्त्यात. म्हणून जसं झालं तसं सांगते.

आमचं गाव घनसावंगीच्या अलीकडं. त्या वर्सी पाऊस आलाच न्हाई. हिरीत तळाचे खडक दिसाया लागले. दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघत्यात, पण तोडाया ऊसच नव्हता. मंग अंबडकडचा एक मुकादम आला. म्हणला, कोकणात चुन्याच्या भट्ट्या हायेत, शिंपल्या जाळून चुना करत्यात, शिंपल्या येचाया जोड्या पायजेत. नवरा आन बायको मिळून एक जोडी. आठ जोड्या गेल्या. त्यात माझी सुमन आन आमचे जावई, भगवान. जाताना तिला चौथा लागला व्हता, तिनं मला सांगितलं न्हाई. संक्रांतीच्या सुमाराला कार्ड आलं, दुसऱ्याच्या हातानं लिव्हलेलं. माय, मला सातवा लागला, पाय सुजून राह्यले, मला न्यायला ये.

पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही आमच्यात रीत. मी वन्संला, म्हंजे ह्यांच्या विधवा बहिणीला, घर सांभाळाया ठेवलं आन आम्ही दोघं निघालो.

चिखल

बदनापूरला रेल्वेत बसलो. गाडीतलं काय सांगावं, सगळ्यांलाच ठाव हाय. दोनदा गाडी बदलली, एकदा यष्टी बदलली, आन दुसऱ्या दिशी दुपारी एका धक्क्यावर उतरलो. तिथून बोट.

मला पहिल्यांदा समुद्र दिसलाच न्हाई. नुस्ता चिखल दिसला. काळा, चकचकीत, लांबपतुर. त्यात बोटी आडव्या पडलेल्या, बैल बसावा तशा. आन वास असा, जसं वाळल्या तळ्यातले मासे.

आमचे हे धोतराचा सोगा वर धरून उभे राह्यले. म्हणले, "हाच का गं समुद्र? आपल्या गावतळ्यात याच्याहून जास्त पाणी हाय."

बोटवाला हसला. म्हणला, "बसा बाबा. पानी येईल."

"कुठून येईल? पाऊस कुठंय?"

"पावसाचं काय काम? येतं."

आम्ही बसलो. मी आभाळाकडं पाह्यलं, ढगाचा पत्ता न्हाई. नदीला पूर येतो तो वरच्या अंगाला पाऊस पडला म्हणजे. त्याला आवाज अस्तो, काड्या-कचरा पुढं येतो, माणूस सावध होतो. हे पाणी बिगर आवाजाचं आलं. मी पदर नीट करून वर पाह्यलं तर चिखल अर्धा झाकला व्हता. घंट्या-दोन घंट्यात आडव्या बोटी उठून उभ्या राह्यल्या. मला त्याचं नवल वाटलं न्हाई, भेव वाटलं. ज्याला येयाला कारण लागत न्हाई, त्याला कसं आवरावं?

पाण्यातलं गाव

बेट म्हंजे एक टेकडी, तिच्या भवती पाणी. नारळ, चिंचा, कोळ्यांची चाळीस-पन्नास घरं, गोड्या पाण्याची एकच हीर. गावाच्या पल्याड आमच्या टोळीच्या झोपड्या, ताडाच्या झावळ्यांच्या.

सुमन झोपडीच्या तोंडाशी बसली व्हती. मला बघून उठाया गेली आन उठता येईना. पाय पाह्यले. केळीच्या खुंटासारखे फुगलेले, आन तळव्याला चिरा. बारीक-बारीक, पांढऱ्या, कुठं लाल. जशी उन्हाळ्यात काळी जमीन फुटती.

"हे काय झालं गं?"

"शिंपल्यानं कापतंय, माय. समद्यायचंच हाय."

"आन तू कार्ड आता टाकतीस व्हय?"

"आधी टाकलं अस्तं तर तू आधी आली अस्ती. मंग घरी काय खाल्लं अस्तं समद्यांनी?" असं म्हणून हसली. तिला लहानपणापासून असं उलटं बोलायची सवय.

आमच्यात लेकीला मूल झाल्याबिगर माय-बाप तिच्या घरचं खात न्हाईत. पाणी सुद्धा न्हाई. आम्ही आणलेल्या भाकरी रेल्वेतच सरत आल्या व्हत्या. उरलेल्या दोन ह्यांनी चटणीबराबर खाल्ल्या. मी हिरीवर गेले, म्हणलं कोण्ही दुसऱ्यानं पाणी दिलं तर पिऊ. तिथं एक कोळीण पाणी शेंदत व्हती. वयानं माझ्याएवढीच, पण दंड पैलवानासारखे. नाव चांगुणा.

"कुठशी आयलीस गो?"

म्हणलं, लेकीकडं. पाणी वाढ.

"लेकीच्या झोपडीत पानी संपला?"

मी रीत सांगितली. ती घागर खाली ठेवून हसाया लागली. "अरे द्येवा! म्हंजे आख्खा समुद्र लांघून आयलीस आनि लेकीचा घोटभर पानी नाय पीत? चल माज्या घरा. मी तुजी लेक नाय, सवत समज."

तिच्या घरी भात खाल्ला आन कालवाचं कालवण. ज्वारीचं पीठ तिथं कुठंच न्हाई. भातानं माझं पोट भरत न्हाई, पण कालवण चांगलं व्हतं. खाताना मी इचारलं न्हाई काय हाय. खाऊन झाल्यावर तिनं दारातला शिंपल्यांचा ढीग दाखविला. "हे खाल्लं तू." ढीग छपरापतुर. तिच्या सासूच्या सासूपासूनचा. खाल्लं ते खाल्लं.

जोडी

दुसऱ्या दिशी मुकादमाला म्हणलं, लेकीला नेते. मुकादम वाईट माणूस नव्हता. खाटेवर बसून इडी ओढत व्हता. म्हणला, "मावशी, न्या की. पण जोडी मोडती. बारा मचवे, म्हंजे मोठाल्या होड्या, शिंपल्यांनी भरल्या की समद्या टोळीला सुट्टी, सात झालेत. एक जोडी मोडली की तिचा वाटा बाकीच्या सात जोड्यांवर येतो. त्यांला इचारा."

म्या इचारलं. बाया खाली बघाया लागल्या. कोण्ही न्हाई म्हणलं न्हाई, कोण्ही हाव बी म्हणलं न्हाई. एकीचं पोरगं गावी सासूकडं व्हतं, एकीला ताप. त्यांला दोष न्हाई देत. मी त्यांच्या जागी असते तर मी बी खालीच बघितलं अस्तं.

मंग मी म्हणलं, "मी राह्यते तिच्या जागी. जोडी मोडत न्हाई."

जावई म्हणले, "मामी, तुमच्यानं हुईल का? पाणी, चिखल..."

"तुमच्यासंगं सासूनं काम करायचं म्हंजे लाज वाटत असंल, पाव्हणं. पण शिंपल्यांला काय कळतंय?"

आमचे हे शेवटी एवढंच म्हणले, "आठवा लागायच्या आत ये."

"आठवा न्हाई, नववा लागायच्या आत येते. वन्सं हायेत घरी. दाईला सांगून ठेवा. पाच मचवे काय, पंधरा-वीस दिवसाचं काम."

सुमन ऐकत व्हती. म्हणली, "माय, मी तुझ्याकडं चालले का आत्याकडं?"

मी म्हणलं, "घराकडं चाललीस."

तिसऱ्या दिशी बोटीत बसवलं तिला. ह्यांनी तिच्या पायाखाली गोधडी टाकली. ती माझ्याकडं पाठ करून बसली व्हती, कारण बोटीचं तोंड तिकडं व्हतं.

येचणं

शिंपल्या कशा अस्त्यात ते आता सांगते.

हरभऱ्याच्या दाण्याच्या दोन डाळी अस्त्यात ना, तशा दोन फाका. मागं बिजागरी. आत जीव. जिता असला की फाका घट्ट मिटलेल्या, मेला की उघड्या. बेटाच्या उगवतीच्या अंगाला चिखल, तिथं तिसऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर रेघा. मावळतीला खडक, तिथं कालवं, दगडाला चिकटून दगडच झालेली, धार सुरीसारखी. आन वरच्या अंगाला थोडी वाळू, तिथं पातळ शिंपल्या, गुलाबी, नखासारख्या. त्या भट्टीला चालत न्हाईत, वजन भरत न्हाई. पोरी त्या केसात खोवायच्या. काही शिंपल्यांला सुईनं पाडावं तसं गोल भोक. चांगुणा म्हणायची, एक गोगलगाय भोक पाडून आतला जीव शोषून घेती. शिंपली वरून धड, आतून रिकामी.

आमचं काम मेलेल्या शिंपल्यांचं. चिखलात थर अस्त्यात, वर्सानुवर्साचे. पाणी वसरलं की टोपली घेऊन जायचं, चिखल फावड्यानं उकरायचा, टोपली पाण्यात हलवून चिखल धुवायचा, शिंपल्या वर आणून ढीग करायचा. जावई उकरायचे, मी धुवायची. आमच्यात सासू-जावई समोरासमोर जास्ती बोलत न्हाईत. चिखलात हे समदं बाजूला राह्यलं. पहिल्याच दिशी मी ढोपरापतुर फसले आन त्यांनी हाताला धरून ओढलं. त्यायनं वर बघितलं न्हाई, म्या बी न्हाई.

पहिल्या दिशी मी एक चूक केली. शेतात रास कुठी करतो आपण? जिथं काढणी, तिथंच. म्या बी दिवसभराच्या टोपल्या तिथंच जवळ रचल्या, वर न्यायचा हेलपाटा वाचला म्हणलं. पाणी आलं आन समदी रास जिथल्या तिथं चिखलात गेली. टोळीतल्या बाया हसल्या. एक म्हणली, "मावशी, हितं खळं वर करावं लागतं." जावई हसले न्हाईत. दुसऱ्या दिशी तेवढंच काम परत केलं.

पाण्याचा हिशोब चांगुणानं शिकविला. रोज दोन घटका उशिरा वसरतं. अष्टमीला कमी वसरतं, कमी भरतं. अवसं-पुनवंला लांब वसरतं आन धावत येतं. म्हणली, "अवसंला बग कशी खडकं उघडी परतात. वर्सभराची कालवं तवा मिळतात."

मी म्हणलं, "आमची टोळी अवसंला काम करत न्हाई." खरंच करत न्हाई. अवसंला औत धरत न्हाईत आमच्याकडं, बैलाला बी सुट्टी. दिवाळीपासून टोळी दर अवसंला झोपडीत बसून राह्यली व्हती.

चांगुणानं कपाळाला हात लावला. "समुद्राला बैल समजता का गो तुमी?"

अवस

धा दिवस झाले तरी नववा मचवा अर्धाच भरला व्हता. मला झोपेत बी महिने दिसायचे. आठवा. नववा. मंग चांगुणानंच सांगितलं, "माजी सून आजारी हाय. अवसंला कालवं फोरायला माज्यासंगती चल. दारातला ढीग तुला देते, उचलून ने. येक मचवा तरी भरंल."

सासूच्या सासूपासूनचा ढीग. एका दिवसाच्या कामाला. तिच्याकडून मला काही येणं नव्हतं, उलट मीच तिच्या घरचं दहादा जेवले व्हते.

टोळीतल्या बायांला कळलं. "मावशी, अवसंला नका जाऊ. लेक भरल्या पोटाची हाय." जावई बी म्हणले, "मामी, राहू द्या." म्या इचार केला. काम न्हाई केलं तर उशीर हुईल, उशीर झाला तर ती एकटी. काम केलं तर रीत मोडती. रीत लेकीसाठीच अस्ती ना? मी गेले.

दिवस उगवाया मावळतीच्या खडकांवर पोचलो. पाणी एवढं लांब गेलं व्हतं की जमिनीनं अंगावरचं लुगडं काढावं तसं दिसत व्हतं. बघू नये असं वाटलं. समदे खडक कालवांनी भरलेले. चांगुणा लोखंडी टोकानं वरची फाक उडवायची, आतला गोळा डब्यात टाकायची. फाक उडाली की खालची दगडालाच राह्यची, पांढरी, ओली. मला चार फोडाया लागायची तवर तिची वीस. "तू काय कालवं फोरतेस का त्यांची समजूत काढतेस?" असं म्हणायची.

दोन घंटे झाले असतील. मी एका खबदाडात खाली उतरले, तिथं मोठाली व्हती. आभाळ निरभ्र, वारा न्हाई. मला वाटलं लई येळ हाय. चांगुणा वरून वरडली, "म्हातारे! भायेर!" मी म्हणलं, एवढी एक. तिनं शिवी दिली, ती हितं सांगत न्हाई. खाली बघितलं तर घोट्याला पाणी. एक कालव फोडलं तवर ढोपराला. पायात दगड, दगडाला धार, धरायला दुसरं काहीच न्हाई. मी दोन्ही तळव्यांनी त्या धारंलाच धरलं आन वर चढले. चांगुणानं अंबाड्याला धरून ओढलं.

वर येऊन हात उघडले. दोन्ही तळवे बोटांपासून मनगटापतुर उभे-आडवे चिरलेले. रगत लई गेलं न्हाई, खाऱ्या पाण्यानं पांढरं पडलं. चांगुणानं तिच्या पदराची चिंधी फाडून बांधली. म्हणली, "आठ दिस पान्यात नको घालूस."

दुसऱ्या दिशी घातले. पाणी, चिखल, पुन्हा पाणी. तळवे भरूनच आले न्हाईत. फाकले, पू झाला, सुकले, फाकले. पण चांगुणाच्या ढिगानं एक मचवा भरला. टोळी जवळ आली सुट्टीच्या.

वापस

शेवटचा मचवा गेला तवा आठवा महिना अजून सरला नव्हता. मी खूश व्हते. सांगते खरं ते. बाया गाणी म्हणाया लागल्या, मी बी म्हणलं एक.

मुकादम मला धक्क्यापतुर पोचवाया आला. माझं गाठुडं त्यानं सोता उचललं. सव्वीस दिवसात त्या माणसानं स्वतःचा तांब्या उचललेला मी पाह्यला न्हाई. बोटीत म्हणला, "मावशी, रस्त्यात कुठी थांबू नका. जल्दी जावा." म्या म्हणलं, थांबायचं कामच न्हाई. मला कळाया पायजे व्हतं. कळलं न्हाई. चांगुणा धक्क्यावर आली व्हती. म्हणली, "नातू झाला तर चांगलाच, नात झाली तर माजं नाव ठेव." मी म्हणलं, तुझं नाव ठेवलं तर पोरगी शिव्या देईल. दोघी हसलो.

जावई आन मी दोघं उतरलो बदनापूरला. घनसावंगीपसून जीप. जीपवाला गावचाच. त्यानं आमच्याकडं पाह्यलं, मंग समोर पाह्यलं ते गावापतुर समोरच.

दारात वन्सं उभ्या व्हत्या. घरात माणसं बसलेली, सतरंजीवर. ह्यांनी डोकं बोडकलेलं. जावई बाहेरच खाली बसले, भिंतीला टेकून.

झालं असं. आम्ही पोचलो तो सातवा दिवस व्हता. आठव्यातच कळा सुरू झाल्या. दाईनं दिवसभर पाह्यलं. पोरगी झाली, जिती. पण रगत थांबना. जीपमधी घातली, घनसावंगीच्या दवाखान्यापतुर पोचली न्हाई. ह्यांनी दुसऱ्या दिशी गावातल्या फोनवरून धक्क्यावरच्या टपरीत निरोप दिल्ता. टपरीवाल्यानं मुकादमाला सांगितला. मुकादमानं चार दिवस पोटात ठेवला, मचवा भरूस्तवर. ते मला नंतर कळलं. त्याला मी कधी काही बोलले न्हाई. तो आमच्या गावात परत आलाच न्हाई.

वन्सं म्हणल्या, "लई हाका मारल्या तुला तिनं. मला म्हणली, तुम्ही सरका, मायला येऊ द्या." मंग रडता रडता म्हणल्या, "अवसंला तू त्या पाण्यात हात घातला, वैनी. टोळीतली बाई तवाच गावी फोनवर बोलली व्हती. कामून घातला?"

सगळ्या माझ्याकडं बघाया लागल्या. अवसंनं झालं असं मला आज बी वाटत न्हाई. मी तिथं राह्यले म्हणून झालं, हे मातर वाटतं. मी घरी असते तर पहिल्या घंट्यातच जीप बोलावली अस्ती, दाईचं ऐकलं नस्तं. जोडी मोडली अस्ती तर मोडली अस्ती. सात जोड्या चार दिवस जास्त राह्यल्या अस्त्या. माहेर म्हणून मी तिला नुस्त्या भिंती आन छप्पर दिलं.

पोरगी पाटीत ठेवली व्हती, कापसात. एवढीशी. लाल. तोंड सुमनचं. मी पदरानं डोळे पुसले आन तिला उचलाया हात घातले. चिंध्या सोडून. तळव्याच्या फाका तिच्या पाठीला लागल्या तशी ती कळवळून रडली. अशी रडली की ह्यांनी बाहेरून इचारलं, काय झालं. वन्संनी माझे हात धरून उलटे केले, बघितले, आन पोरगी माझ्याजवळून काढून घेतली.

हात भरून यायला पंधरा दिवस लागले. तवर वन्संनीच तिला न्हाऊ घातलं, वन्संनीच बकरीचं दूध पाजलं, झोपवलं. मी पाटीजवळ बसायची, हात मांडीवर उताणे ठेवून, आन माशा हाकलाया मान हलवायची.